कानस

ते जोडपं लंडनहून घर बघायला आलेलं.
मंगळवार, म्हणजे चौकात बाजार :
चीजवाल्याची गाडी, लोकरी मोज्यांचा ढीग,
आणि झिमझिम पडतंय हे मान्यच न करणारी म्हातारी माणसं.
त्यांनी किल्लीवरून किल्ली करायला दिली,
आणि यंत्र घरघरत असताना बाई म्हणाली,
गाव कसं आहे हो हे? सुरक्षित?

एकतीस वर्षं मी वेदरस्टोची कुलपं बसवतोय.
मला हे विचारणं म्हणजे दाताच्या डॉक्टरला विचारणं,
इथे कुणाची दाढ दुखते का.

सांगण्यासारखं होतं ते सांगितलं.
चर्चच्या छपरावरचं शिसं दोनदा गेलं.
दुसऱ्या खेपेला चोर पिवळी जॅकिटं घालून, शिडी लावून, भरदिवसा आले
आणि पाद्रीबाईंनी त्यांना चहा दिला. बिस्किटंही.
हॅगबी फाट्यावर अर्नेस्ट पिकरिलची अंडी असतात :
अंडी उचला, डब्यात पैसे टाका, बघायला कुणी नाही.
गेल्या हिवाळ्यात डबाच गेला.
नवा डबा त्यानं साखळीनं बांधलाय.
साखळी मीच विकली. पैसे मोजून घेताना वर बघवेना.

शनिवारी रात्री पबच्या दारात कुणाचं तरी नाक फुटतं.
सोमवारी तेच नाक पट्टी लावून खाटकाच्या दुकानात उभं,
आणि फोडणाऱ्याच्या आईला चॉप्स बांधून देतं.
सायकली जातात, कालव्यात सापडतात.
पोलीस चौकी होती तिथे आता कुत्र्यांचे केस कापतात.

नवरा हसला. म्हणजे विशेष काही नाही.
विशेष काही नाही, मी म्हटलं.

टेंटर लेनचं सांगितलं नाही.
बुधवारी पावणेअकराला आलेला फोन,
एक वाजायच्या आत कुलूप बदलून हवं.
धुण्याच्या पावडरीच्या खोक्यातून तिनं पैसे काढले, सगळी नाणी,
दोन वर्षांचं पोर माझा पेचकस घेऊन जिन्यात बसलेलं.
सगळ्यात भक्कम कोणतं? तिनं विचारलं.
मी नेहमीसारखं म्हणालो, चोर कसला, त्यावर आहे.
ज्याच्याकडे किल्ली आहे तसला, ती म्हणाली.

माझा बाप म्हणायचा, कुलूप साव माणसासाठी,
चोराकडून ते नुसता थोडा वेळ मागून घेतं.
त्या दिवशी मी तिला किती वेळ मिळवून दिला
कुणास ठाऊक. दोन पेच जास्त मारले.
नगरपालिकेच्या पत्रकात त्या महिन्याचा आकडा आला :
सायकली चार, शिसं एक, इतर किरकोळ.

आणि चिप्सच्या दुकानातली लॉर्ना स्टब्ज.
अकराला शटर ओढते, चर्चच्या मागच्या पायऱ्यांवरून घरी जाते.
किल्ली करून झाली की मी कानस घेतो,
कडेची खरखर घासून काढतो, खिशाचं अस्तर फाटू नये म्हणून.
बापानं शिकवलेली सवय.
लॉर्ना म्हणाली, राहू दे. तशीच दे.
आणि बोटांच्या बेचक्यांत तिन्ही किल्ल्या धरून दाखवल्या,
जरा हसत,
एखादी नवी अंगठी दाखवतात तशा.

यंत्र थांबलं.
नवरा छत्री उघडत बाहेर गेला, त्याला चीज घ्यायचं होतं.
बाई थांबली. काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून :
स्टेशनवरून येताना जी बोळ लागते
तिथे दिवे आहेत ना?

दोन, मी म्हटलं.
एक मार्चपासून बंद आहे.

तिनं मान हलवली, मनात लिहून घेतल्यासारखी.
किल्ली अजून गरम होती.
मी कानस उचलली,
तिच्याकडे बघितलं,
आणि खाली ठेवली.